स्कोप्येचे थांबलेले घड्याळ

मदर तेरेसांचे घर पाहायचे म्हणून आम्ही मायलेकी स्कोप्येला गेलो आणि मनात घर करून राहिले ते एक बंद पडलेले घड्याळ!

स्कोप्ये ही आज उत्तर मॅसेडोनियाची राजधानी. राजधानी म्हटली तरी वस्तीने आपल्या सोलापूरपेक्षा लहानच. मदर येथे जन्मल्या, २६ ऑगस्ट १९१० रोजी. तेव्हा या भागावर तुर्की सुलतानाचा अंमल होता. मुख्य चौकाजवळ त्यांचे घर होते, एवढे वाचून गेलो होतो. घर आता नाहीच. जागा दाखवणारी खूण तेवढी पायाखालच्या फरशीत बसवली आहे. चौकातून निघणाऱ्या रस्त्यावर त्यांचे स्मृतिभवन आहे, २००९ साली उघडलेले. मदरांचा बाप्तिस्मा झाला त्या चर्चच्या जागेवरच ते उभे आहे. म्हणजे चर्चही गेले. कशाने गेले, ते त्याच रस्त्याच्या टोकाशी कळते.

तिथे जुने रेल्वे स्थानक आहे. तेही अर्धेच. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात पाच वाजून सतरा मिनिटे झालेली. २६ जुलै १९६३च्या पहाटे, गाव साखरझोपेत असताना, भूकंप झाला. हजारावर माणसे दगावली, बहुतेक शहर मोडून पडले. घड्याळ तेव्हा थांबले ते थांबलेच. स्थानक पुन्हा उभारले नाही. उरल्या इमारतीत शहराचे संग्रहालय थाटले.

“आई, दुरुस्त का नाही करत?” मुलीने विचारले. मला चटकन उत्तर सुचेना.

बाकीच्या दुरुस्तीला सारे जग धावले होते. शीतयुद्धाचे दिवस, तरी अमेरिका आणि सोव्हिएत रशिया दोघांनीही मदत पाठवली. हिरोशिमाचे शांती स्मारक उभारणारे जपानी वास्तुविशारद केन्झो टांगे यांनी मध्यवस्तीचा आराखडा केला. पिकासोने आपले एक चित्र दिले.

मग २०१०च्या सुमारास सरकारला पुराणकाळाचे वेड लागले. काँक्रीटच्या साध्या इमारतींवर खांबांचे मुखवटे चढले. पुतळे तर इतके, की मोजता मोजता मुलगी कंटाळली. चौकातला, २०११ सालचा तो प्रचंड घोडेस्वार अलेक्झांडरच, हे शेंबडे पोरही सांगेल. पण ग्रीसशी वारशाचा वाद होता. म्हणून कागदोपत्री तो नुसताच ‘घोड्यावरचा योद्धा’! मला हा डामडौल मुळीच रुचला नाही.

वार्दर नदीवरचा तुर्की अमदानीतला दगडी पूल ओलांडून जुन्या बाजारात शिरलो, तेव्हा कुठे जीव निवला. अरुंद गल्ल्या, मशिदी, जुन्या सराया, सोनारांची दुकाने. इवल्याशा काचेच्या पेल्यातला चहा पिता पिता मुलगी म्हणाली, “उद्या पाच-सतराला तिथे जाऊया का? तेव्हा ते बरोबर असेल.”

गेलो. नुकते उजाडले होते. रस्ता झाडणारा एक माणूस सोडला, तर चिटपाखरू नव्हते. मुलगी मनगटावरचे घड्याळ आणि भिंतीवरचे घड्याळ आळीपाळीने पाहत उभी होती. एक मिनिट दोन्ही जुळली. मग तिचे पुढे गेले.