आजारातला नकार कोणाचा?

आज तुम्ही ठणठणीत आहात असं धरू. भूक लागते, झोप येते, बँकेचा पासवर्डसुद्धा आठवतो. अशा एखाद्या दिवशी बसून तुम्ही एक कागद लिहू शकता. पुढे कधी माझं मन इतकं बिघडलं, की उपचारांचा निर्णय मला घेता येईना, तर माझ्यावर अमुक उपचार करा, तमुक करू नका. आणि माझ्या वतीने भावाऐवजी माझ्या मैत्रिणीला विचारा. भारतात या कागदाला कायद्याचं बळ आहे. डॉक्टरांना किंवा घरच्यांना तो पटला नाही, तर त्यांना एका पुनर्विलोकन मंडळाकडे रीतसर अर्ज करावा लागतो. तातडीचा प्रसंग सोडला, तर परस्पर तो कागद बाजूला सारता येत नाही.

ही तरतूद मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये आहे, अगदी सुरुवातीला, पाचव्याच कलमात. मरणाच्या दारातल्या माणसाच्या इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये मान्यता दिली, तेव्हा वर्तमानपत्रांची पानं भरली होती. मनाच्या आजारासाठीचं इच्छापत्र संसदेने त्याच्या वर्षभर आधीच मंजूर केलं होतं. त्याचा गवगवा फारसा झाला नाही.

खरं तर हे दुसरं इच्छापत्र कितीतरी चमत्कारिक आहे. मृत्युपत्र उघडतात तेव्हा ते लिहिणारा वाद घालायला उरलेला नसतो. इथे तो समोर उभा असतो, हातपाय हलवत असतो, आणि कदाचित कागदात लिहिलंय त्याच्या नेमकं उलट ओरडून सांगत असतो. कागदात ‘मला औषध द्या’ असं लिहिणारा तोच, आणि ‘यात विष आहे’ म्हणून गोळी थुंकणाराही तोच. दोघांपैकी खरा कोण? तत्त्वज्ञांना वर्षानुवर्षं पुरेल असा हा प्रश्न रात्रपाळीच्या डॉक्टरला पाच मिनिटांत सोडवायचा असतो. आपल्या कायद्याचं उत्तर असं: निर्णयाची क्षमता असेपर्यंत समोरच्याचं ऐका, ती गेली की कागदाचं ऐका, ती परत आली की पुन्हा समोरच्याचं.

म्हणजे सगळं येऊन थांबतं ते क्षमतेवर. आणि इथे कायद्याने जुनी समजूत पार उलटी केली आहे. प्रत्येक माणसाला, अगदी मानसिक आजार असलेल्यालासुद्धा, निर्णयाची क्षमता आहे असं गृहीत धरायचं. ती नाही, हे दाखवण्याचा भार इतरांवर. एखाद्याचा निर्णय तुम्हाला चुकीचा वाटतो, एवढ्यावरून तो अक्षम ठरत नाही. समाजाच्या नीतिकल्पनांशी, धर्माशी किंवा राजकीय मतांशी तो जुळत नाही, म्हणून त्याला आजारीही ठरवता येत नाही. घरच्यांच्या मर्जीबाहेर लग्न करू पाहणाऱ्या मुलीला ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणणाऱ्यांसाठी हे कलम छापून भिंतीवर लावावं.

क्षमतेच्या खुणा तीन दिल्या आहेत: माहिती समजणं, निर्णयाचे परिणाम ओळखणं, निर्णय सांगता येणं, मग तो बोलून असो की खुणेने. गंमत अशी, की यातली कोणतीही एक गोष्ट जमली तरी पुरे, असं कायद्याची भाषा वाचून वाटतं. यावर मनोविकारतज्ज्ञांनी जोरदार हरकत घेतली आहे. परिणाम काय होतील हे ज्याला उमगतच नाही, पण ‘नको’ एवढं म्हणता येतं, तो सक्षम कसा? मलाही त्यांचं म्हणणं रास्त वाटतं.

हा कायदा इतका संशयी का झाला, ते कळायला मागे जावं लागतं. १९१२ चा इंग्रजांचा कायदा मुळात ‘वेड्यां’पासून समाजाचं रक्षण करायला आला होता. मॅजिस्ट्रेटचा हुकूम निघाला की माणूस आत. १९८७ मध्ये नवा कायदा झाला, भाषा मवाळ झाली, तरी आत टाकण्याची वाट रुंदच राहिली. काही जणांना तर इस्पितळही मिळालं नाही. गुन्हा काहीच केलेला नाही, फक्त मन आजारी आहे, अशा माणसांना तुरुंगात डांबलं जात होतं. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी हे सर्वोच्च न्यायालयापुढे नेलं आणि १९९३ मध्ये न्यायालयाने तो प्रकार बेकायदा आणि घटनाबाह्य ठरवला. मग ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहात पहाटे आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. २८ जण मेले. साखळ्या घालणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण काळजीच घेतोय असं वाटत असावं, आणि मला त्यातलं हेच सर्वांत भीतिदायक वाटतं.

आता सांगतो, आज एखाद्याला त्याच्या संमतीशिवाय दाखल करायचं तर काय काय लागतं. आधी त्याच्या प्रतिनिधीचा, म्हणजे त्याच्या वतीने बोलणाऱ्याचा, अर्ज. मग दोन तज्ज्ञांनी, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासायचं. आजार गंभीर हवा, आणि शिवाय तीनपैकी एक गोष्ट दिसायला हवी: अलीकडे त्याने स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला किंवा तशी धमकी दिली; दुसऱ्यावर हात टाकला किंवा कोणाला भीती वाटेल असं वागला; किंवा इजा होण्याचा धोका यावा इतकी त्याला स्वतःची देखभाल जमेनाशी झाली. यापेक्षा कमी बंधनाचा दुसरा मार्ग उरलेला नाही, हेही ठरावं लागतं. एवढं जमलं की मुक्काम फार तर ३० दिवसांचा. दर ७ दिवसांनी क्षमता पुन्हा तपासायची. ती परत आली, की त्याला जबरदस्तीने ठेवता येत नाही. दाखल केल्याची खबर पुनर्विलोकन मंडळाला द्यायची, ७ दिवसांत. स्त्री किंवा अल्पवयीन असेल, तर ३ दिवसांत. ३० दिवसांपुढे ठेवायचं तर मंडळाची परवानगी. या मंडळावर न्यायाधीश असतात, डॉक्टर असतात, जिल्हाधिकाऱ्यांचा माणूस असतो, आणि ज्यांनी स्वतः आजार भोगला आहे किंवा रुग्णाचं केलं आहे अशा लोकांसाठीही जागा राखलेली असते. कुलपाचा निर्णय घेणाऱ्यांत कुलपाआड राहिलेला माणूस बसवायचा, ही कल्पना मला फार आवडते.

इटलीने याहून वेगळा डाव टाकला. फ्रँको बासाग्लिया या मनोविकारतज्ज्ञाने ट्रिएस्टे शहरातल्या मनोरुग्णालयाचे दरवाजे उघडले, आणि १९७८ च्या १८० क्रमांकाच्या कायद्याने देशभरची जुनी वेड्यांची इस्पितळं बंद करायला घेतली. तिथे सक्तीच्या उपचारांच्या हुकमावर सही कोण करतं? शहराचा महापौर! दोन डॉक्टर शिफारस करतात, महापौर सही करतो, ४८ तासांत हुकूम न्यायाधीशापुढे जातो, आणि तो ७ दिवसांपुरताच असतो. माणसाचं स्वातंत्र्य काढून घ्यायचं तर निवडून आलेल्या माणसाने नाव लावून जबाबदारी घ्यावी, असा त्यामागचा विचार. आपल्याकडच्या एखाद्या महापौराच्या टेबलावर अशी फाइल आली तर, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

पण घरच्यांची बाजू ऐकल्याशिवाय पुढे जाणं लबाडीचं होईल. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात आपण आजारी आहोत हेच अनेकांना कळत नाही. ते न कळणं हाही आजाराचाच भाग. मुलगा रात्रभर येरझाऱ्या घालतो, शिल्लक उधळतो, जेवण टाळतो, पण कोणाला मारत नाही आणि जीव द्यायचं म्हणत नाही. आईवडिलांना पुढचं दिसत असतं. कायदा म्हणतो, थांबा. त्या थांबण्यात नोकरी जाते, संसार मोडतो, कधी माणूसच घर सोडून निघून जातो. स्वातंत्र्य जपताना माणूस हातचा गेला तर कोणी काय जपलं, असं एखाद्या आईने विचारलं तर कायद्याच्या पुस्तकात उत्तर नाही.

घराबाहेर पडलेल्यांसाठी मात्र एक चांगलं कलम आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी ताब्यात घ्यायचं ते संरक्षणासाठी. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही आणि २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात पोहोचवायचं. अशा माणसांना उचलून, बरं करून घरी पोहोचवण्याचं काम डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा ही संस्था कर्जतहून करते. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना त्यासाठीच मिळाला.

आत घालण्याबद्दल इतका काथ्याकूट करणारे आपण, बाहेर काढण्याबद्दल मात्र गप्प असतो. ‘येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याला पाठवा’ हे आपण चेष्टेत किती सहज म्हणतो! पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरी या चारही सरकारी मनोरुग्णालयांत बरे होऊनही पडून राहिलेली माणसं असतात, कारण न्यायला कोणी येत नाही. पत्ता बदललेला असतो, भावांनी जमीन वाटून घेतलेली असते. हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. घर नाही म्हणून कोणालाही इस्पितळात ठेवून घेता येणार नाही, असं कायदा स्पष्ट सांगतो. घर कुठून आणायचं, ते सरकारने पाहायचं आहे, आणि तिथे काम रखडलं आहे.

तेव्हा पुन्हा सुरुवातीचा तो कागद. आजार असो वा नसो, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही तो करता येतो, आणि शुद्धीत असताना कितीही वेळा बदलता येतो. प्रतिनिधीचं नाव घालण्याआधी त्या माणसाला विचारा. रात्री दोन वाजता फोन आला तर तो उठेल ना, तेही विचारा. आणि कागद कपाटात ठेवू नका. वेळेला तो डॉक्टरांच्या हाती पडेल हे पाहण्याची जबाबदारी कायद्याने लिहिणाऱ्यावर आणि त्याच्या प्रतिनिधीवर टाकली आहे. प्रत मिळालीच नाही, तर ती न पाळल्याचा दोष डॉक्टरांवर येत नाही.