एक कसोटी आणि बावन्न सामने

सदाशिव रावजी पाटील यांची कसोटी कारकीर्द एका ओळीत मावते : सामना १, नाबाद १४ धावा, २ बळी. डिसेंबर १९५५ मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर न्यूझीलंडविरुद्ध तो सामना झाला. विनू मंकड यांच्या २२३ धावांच्या जोरावर भारताने ८ बाद ४२१ वर डाव सोडला आणि न्यूझीलंडला २५८ व १३६ धावांत गुंडाळून एक डाव २७ धावांनी विजय मिळवला. कोल्हापूरच्या या मध्यमगती गोलंदाजाने दोन्ही डावांत मिळून ५१ धावांत दोघांना बाद केले. त्यानंतर भारतीय संघात त्यांना पुन्हा स्थान मिळाले नाही. कसोटीत ते एकदाही बाद झाले नाहीत, त्यामुळे त्यांच्या फलंदाजीची सरासरीसुद्धा काढता येत नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. आपण अशा खेळाडूंची आठवण ‘एकच कसोटी खेळलेला’ या शब्दांत ठेवतो. त्या शब्दांत थोडी कीव असते, आणि गोष्ट तिथेच संपली असे गृहीत धरलेले असते. पाटील यांची गोष्ट मात्र तिथे संपत नाही. १९५९ ते १९६१ या काळात ते इंग्लंडमध्ये लँकेशायर लीगमधील चर्च या संघाकडून ५२ सामने खेळले आणि त्यांनी १११ बळी घेतले. या दोन आकड्यांचा अर्थ लावायचा, तर आधी ही लीग म्हणजे काय ते समजून घ्यायला हवे.

इंग्लंडच्या वायव्येकडील गिरण्यांच्या गावांनी १८९२ मध्ये ही लीग उभी केली. नेल्सन, कोल्न, बर्नली, बेकप, रॉटनस्टॉल, हॅसलिंग्डन, रिश्टन, अ‍ॅक्रिंग्टन, चर्च अशी एकमेकांपासून हाकेच्या अंतरावरची चौदा मंडळे. कायद्याने गिरणी कामगारांना शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी मिळू लागली होती, त्या मोकळ्या दुपारीच हे क्रिकेट वाढले. काउंटीचा सामना तीन दिवस चाले, इथला एका दुपारीत संपे. संघात दहा जण गावातलेच हौशी, कुणी विणकर, कुणी कारकून, कुणी शिक्षक. अकरावा मात्र पगारी. नियमाने प्रत्येक मंडळाला असा एकच व्यावसायिक खेळाडू ठेवता येई, आणि पैसे देऊन नामवंत खेळाडू आणण्याची गावागावांत चढाओढ असे. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ ते १९३७ अशी नऊ वर्षे नेल्सनकडे होते. त्यांपैकी सात वर्षे नेल्सन विजेता ठरला.

या पगारी खेळाडूची नोकरी सोपी नव्हती. डावाची सुरुवात त्यानेच करायची, बहुतेक षटके त्यानेच टाकायची, हरलो तर बोलणी त्यानेच खायची. त्याच्या चेंडूवर उडालेला झेल पकडायला स्लिपमध्ये कसोटीवीर उभा नसे. असे तो आठवडाभर गिरणीत राबलेला माणूस. पन्नास धावा केल्या किंवा पाच-सहा गडी टिपले, की प्रेक्षकांत डबा फिरे आणि जमलेली चिल्लर खेळाडूला मिळे. थोडक्यात, पगार मंडळाचा आणि बक्षिसी गावाची.

भारतीय खेळाडूंना ही लीग दोन कारणांनी सोयीची होती. तिथला हंगाम एप्रिल ते सप्टेंबर, आपला ऑक्टोबरनंतरचा. म्हणजे एकाच वर्षात दोन्हीकडे खेळता येई. दुसरे कारण पोटाचे. त्या काळात भारतात क्रिकेट हा व्यवसाय नव्हता. संस्थानिकांचा आश्रय ओसरला होता, कंपन्यांच्या नोकऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. सांगलीत जन्मलेले विजय हजारे रॉटनस्टॉलकडे गेले, मुंबईचे सुभाष गुप्ते रिश्टनकडे. मंकड यांचे प्रकरण तर प्रसिद्धच आहे. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात निवड होईल, अशी हमी क्रिकेट मंडळाने दिली नाही, म्हणून त्यांनी हॅसलिंग्डनशी करार केला. लीड्सच्या पहिल्या कसोटीत भारताची अवस्था ४ बाद शून्य झाल्यावर मंडळाला त्यांची आठवण झाली. हॅसलिंग्डनकडून मोकळीक मिळवून मंकड लॉर्ड्सवर उतरले आणि त्यांनी ७२ व १८४ धावा करून एका डावात ५ बळीही घेतले.

पाटील यांच्यासाठी असे बोलावणे आले नाही. याची कारणे त्यांच्या गोलंदाजीत शोधण्याआधी काळात शोधावीत. न्यूझीलंडविरुद्धच्या त्या मालिकेत एकट्या गुप्तेंनी ३४ बळी घेतले. भारताचा हल्ला फिरकीवर उभा होता. नव्या चेंडूची लकाकी घालवण्यापुरती वेगवान गोलंदाजी लागे, आणि तेवढे काम फडकर, रामचंद यांसारखे फलंदाजी करणारे अष्टपैलू करून टाकत. निव्वळ मध्यमगती गोलंदाजाला त्या रचनेत जागाच नव्हती. लँकेशायरच्या ओलसर, हिरवट खेळपट्टीवर मात्र त्याच गोलंदाजीला भाव होता.

आता आकड्यांकडे येऊ. चौदा संघ, प्रत्येकाशी दोनदा गाठ, म्हणजे हंगामाचे २६ सामने. ५२ सामने म्हणजे दोन पूर्ण हंगाम. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पाटील बारा हंगामांत ३६ सामने खेळले, म्हणजे वर्षाला सरासरी तीन. त्यात ८३ बळी. महाराष्ट्राचे कर्णधारपदही त्यांनी सांभाळले, तरी त्यांना वर्षातून तीनदाच मोठा सामना मिळे. दोन इंग्लिश उन्हाळ्यांत ते त्याहून सोळा सामने अधिक खेळले. लीगमधील सामन्यामागे दोनहून थोडे अधिक बळी ही कामगिरी अचाट नव्हे. लीग गाजवणारे व्यावसायिक एकेका हंगामात शंभरापर्यंत जात. पण ती नेकीने केलेल्या नोकरीची कामगिरी आहे. खेळाडू म्हणून आठवड्यामागून आठवडा काम मिळण्याचा त्यांचा काळ आपल्या देशात नव्हे, तिथे गेला.

चर्च हे गाव अ‍ॅक्रिंग्टनला खेटून आहे. लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मध्यबिंदू तिथे येतो. शेजारच्या ऑस्वाल्डट्विसलशी जेम्स हारग्रीव्ह्जच्या स्पिनिंग जेनीचे नाव जोडले जाते. ज्या यंत्रयुगाने आपल्या विणकरांचे माग बसवले, त्याचे हे माहेर. पाटील तिथे गेले तेव्हा चक्र उलटे फिरले होते. भारत, पाकिस्तान, हाँगकाँगहून येणाऱ्या स्वस्त कापडापुढे लँकेशायरच्या गिरण्या टिकेनात, आणि १९५९ मध्येच ब्रिटिश सरकारने जादा चात्या व माग भंगारात काढण्यासाठी कायदा केला. भारतीय कापडामुळे ज्या गावांचे पोट मारले जात होते, त्यातल्याच एका गावाने भारतीय गोलंदाजाला पगार दिला.

गावाचा खेळ गावाच्या मिळकतीवर चालतो, हे शेजारच्या फुटबॉलमध्येही दिसले. मार्च १९६२ मध्ये अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनली हा क्लब कर्जापायी फुटबॉल लीगमधून हंगामाच्या मध्यातच बाहेर पडला. पुढे तो बंद पडला, १९६८ मध्ये नव्याने उभा राहिला आणि खालच्या पायऱ्या चढत २००६ मध्ये लीगमध्ये परतला. खालच्या पायरीवर खेळणारी माणसे त्या काळात होती, म्हणूनच परतणे शक्य झाले.

रत्नागिरीत बसून हे लिहिताना आपल्याकडच्या खालच्या पायऱ्या डोळ्यांपुढे येतात. भातकापणी झाली की कोकणात वाडीवाडीतून टेनिस चेंडूच्या स्पर्धा सुरू होतात. चाकरमानी गावाकडे येतात, संघ बाहेरचा खेळाडू पैसे मोजून आणतात, चांगल्या फटक्याला प्रेक्षकांतून रोख बक्षीस जाहीर होते. चर्चच्या मैदानावरचा तो डबा आणि आपल्या मंडपातली ही नोट यांत फारसा फरक नाही.

फरक आहे तो वहीचा. साठ वर्षांपूर्वी एका छोट्या गावाकडून खेळलेल्या कोल्हापूरच्या माणसाचे ५२ सामने आणि १११ बळी आज सांगता येतात, कारण दर सामन्याचा धावफलक तिथे कुणीतरी लिहून जपला. आपल्याकडे चषक कपाटात राहतो आणि गुणांचा कागद मंडपाबरोबर उतरतो. वीस-वीस वर्षे गावोगाव खेळलेल्या माणसाजवळ सांगायला फक्त आठवणी उरतात, आणि त्या त्याच्याबरोबर जातात. गावोगावच्या मंडळांनी यंदाच्या स्पर्धेपासून एक जाड वही घालावी. ‘एकच कसोटी’ या शब्दांपलीकडचे पाटील आपल्याला दिसले, ते अशाच एका वहीमुळे.