कोच कुठल्या मैदानाशेजारी बसतो?

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या क्रीडासंकुलात शनिवारी सकाळी पंधरा-वीस मैदानांवर एकाच वेळी फुटबॉलचे सामने सुरू असतात. तिथे या खेळाला सॉकर म्हणतात. खेळणाऱ्या मुली सोळा-सतरा वर्षांच्या. मैदानाच्या एका बाजूला त्यांचे आईवडील, आणि दुसऱ्या बाजूला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली वेगळीच माणसं. त्यांच्या टी-शर्टवर विद्यापीठांची नावं असतात, मांडीवर एक यादी असते. यादीत प्रत्येक खेळाडूचा जर्सी क्रमांक, ती बारावी कधी होणार ते वर्ष, आणि शाळेतले गुणसुद्धा. एखादीनं उंचावरून आलेला चेंडू पायावर अलगद झेलला, मान वर करून पाहिलं आणि तीस मीटरवरच्या मैत्रिणीला नेमका पास दिला, की यादीवर एक खूण होते. त्या खुणेतून पुढे चार वर्षांचं कॉलेज, शिष्यवृत्ती, राहायचं गाव, सगळं ठरू शकतं.

जगात बहुतेक ठिकाणी गुणी मूल क्लबमध्ये वाढतं आणि क्लबमधूनच व्यावसायिक होतं. विद्यापीठाचा संघ हा खेळाचा एवढा मोठा दरवाजा असणं हे अमेरिकेचंच वैशिष्ट्य. 1972 साली ‘टायटल नाइन’ हा कायदा आला, सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेद करायला मनाई झाली, आणि पुढच्या काही दशकांत मुलींचे संघ अक्षरशः उगवत गेले. आज एनसीएए या कॉलेज-क्रीडा संघटनेच्या छत्राखाली महिलांचे हजाराहून अधिक फुटबॉल संघ आहेत, पुरुषांचे आठशेहून अधिक. 2019 चा विश्वचषक जिंकणाऱ्या अमेरिकी महिला संघात 23 जणी होत्या. लिंडसी होरान आणि मॅलरी प्यू या दोघी सोडल्या, तर बाकी सगळ्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजसाठी खेळून आल्या होत्या.

म्हणूनच फ्रीमाँट असो, एडिसन असो की डॅलस, फुटबॉल खेळणारं मूल ज्या घरात आहे त्या घरात, मराठी घरातही, एक प्रश्न दर वर्षी संघनिवडीच्या दिवसांत येतोच. कुठल्या लीगमध्ये खेळवायचं? वरच्या लीगमध्ये नसेल तर कॉलेजचा रस्ता बंद होतो का?

या लीगचं जंगल कसं वाढलं ते आधी पाहू. 1964 साली कॅलिफोर्नियात एवायएसओ ही संस्था निघाली. प्रत्येक मुलानं निदान अर्धा सामना खेळायचाच, हे तिचं तत्त्व. 2007 मध्ये राष्ट्रीय महासंघानं मुलांसाठी ‘डेव्हलपमेंट अकॅडमी’ काढली. 2009 मध्ये काही क्लबांनी एकत्र येऊन मुलींची ईसीएनएल सुरू केली, 2017 मध्ये तिच्यात मुलगेही आले. 2020 च्या वसंतात कोविडच्या तडाख्यात अकॅडमी बंद पडली आणि त्याच वर्षी तिच्या जागी मुलांची ‘एमएलएस नेक्स्ट’ आणि मुलींची ‘गर्ल्स अकॅडमी’ उभी राहिली. यांच्या खाली प्रादेशिक लीग, त्याखाली राज्याच्या लीग, त्याखाली गावातला खेळ.

दिसायला ही शिडी आहे. पण वरच्या पायऱ्यांवरच्या लीगमध्ये संघ सहसा जिंकून चढत नाही आणि हरून उतरत नाही. तिथलं सदस्यत्व क्लबला मिळतं, अर्ज करून, पात्रतेच्या अटी पुऱ्या करून. खालच्या लीगमधल्या एखाद्या संघानं वर्षभर सगळ्यांना हरवलं तरी पुढच्या वर्षी तो आपोआप वर जाईलच असं नाही. म्हणजे जर्सीवरचं लीगचं नाव क्लबविषयी बरंच सांगतं, संघाविषयी थोडं सांगतं, आणि आत खेळणाऱ्या एका विशिष्ट मुलीविषयी फारच कमी. अनेक पालक तिच्या पायांपेक्षा त्या नावाकडे जास्त पाहतात, आणि मला वाटतं हिशेब इथेच चुकायला लागतो.

तरीही वरच्या लीगमधूनच पहिल्या दर्जाच्या कॉलेज संघांत जास्त खेळाडू जातात, हे खरं. मग लीग खेळाडू घडवते, की घडलेले खेळाडू गोळा करते? याचं उत्तर शोधताना एक विलक्षण गोष्ट समोर येते, आणि ती आहे जन्माचा महिना.

1985 मध्ये रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडाच्या आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या. वरच्या दर्जाच्या संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांची गर्दी होती, वर्षअखेरीस जन्मलेले तुरळक. कारण ग्रहताऱ्यांत नव्हतं. वयोगटाची सीमारेषा 1 जानेवारीला होती. नऊ-दहा वर्षांच्या वयात दहा-अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीत, ताकदीत, समजेत मोठा फरक. जानेवारीचं मूल गुणी वाटतं, निवडलं जातं, त्याला चांगला कोच मिळतो, जास्त सराव मिळतो, कणखर प्रतिस्पर्धी मिळतात. काही वर्षांनी ते खरोखरच सरस होतं. एका तारखेच्या रेघेतून सुरू झालेला फरक हळूहळू कौशल्य बनतो. फुटबॉलसह अनेक खेळांत, अनेक देशांत नंतर हेच दिसत आलं.

अमेरिकेत तर ही रेघच सरकली. आधी तिथला वयोगट ऑगस्टपासून मोजला जाई, शाळेच्या वर्षाला धरून. 2016-17 च्या सुमारास महासंघानं तो जानेवारी ते डिसेंबर असा केला. सप्टेंबरमध्ये जन्मलेली जी मुलगी काल गटात सर्वांत मोठ्यांपैकी होती, ती आज धाकट्यांत जमा झाली. पाय तेच, वेग तोच, फक्त शेजारी उभ्या असलेल्या मुली बदलल्या. आता 2026-27 च्या हंगामापासून देशातल्या बहुतेक युवा संस्था पुन्हा 1 ऑगस्टच्या रेघेवर परतत आहेत. म्हणजे एका पिढीच्या आत लाखो मुलांचं ‘मोठं’ आणि ‘लहान’ असणं दोनदा उलटंपालटं.

कॉलेजच्या निवडीशी याचा थेट संबंध आहे. कॉलेजचा कोच जन्मवर्षाप्रमाणे नाही, बारावीच्या वर्षाप्रमाणे भरती करतो. जन्मवर्षावर बांधलेल्या संघात दोन वेगळ्या इयत्तांची मुलं असतात. मोठ्या इयत्तेची मुलं कॉलेजला निघून गेली की मागे उरलेल्यांचा संघच विरतो, आणि तोही नेमका त्यांच्या शाळेच्या शेवटच्या वर्षात. अशी मुलं कुठल्या लीगमध्ये होती यापेक्षा ती कुठल्या महिन्यात जन्मली हे त्यांना जास्त बोचलं असेल.

आता खुर्चीतल्या कोचकडे वळू. त्याच्याकडे मदतनीस दोन-तीन, प्रवासाचा खर्च मर्यादित, आणि देशभर विखुरलेले लाखो खेळाडू. एनसीएएच्या सर्वांत वरच्या दर्जाच्या, म्हणजे डिव्हिजन एकच्या, नियमाप्रमाणे दहावी संपल्यानंतरच्या 15 जूनपर्यंत तो खेळाडूशी भरतीविषयी थेट बोलू शकत नाही. 2019 मध्ये हा नियम झाला, त्याआधी आठवी-नववीतल्या मुली तोंडी होकार देऊन बसत. बोलता येत नाही, पण पाहता येतं. मग तो कुठे जाईल? एका दिवसात, एकाच संकुलात जिथे शंभर चांगले खेळाडू दिसतील तिथे. दादरच्या शिवाजी पार्कात पोरगा नेटमध्ये उतरला की कुणा जाणत्याची नजर पडण्याची शक्यता वाढते, तसंच हे आहे. ईसीएनएल, गर्ल्स अकॅडमी, एमएलएस नेक्स्ट यांचे मेळावे ही नजरेची काटकसर करून देतात. वरच्या लीगची सर्वांत मोठी देणगी हीच, असं माझं मत आहे. शिकवण चांगल्या क्लबमध्ये कुठेही मिळू शकते, पण एवढ्या खुर्च्या एका रांगेत फार थोड्या ठिकाणी लागतात.

आणि खुर्च्या नसलेल्या मैदानांवरून काय घडतं? टेक्ससच्या नॅकडोचेस या छोट्या गावात क्लिंट डेम्प्सी मोठ्यांच्या मेक्सिकन लीगमध्ये, कडक मातीवर खेळत वाढला. पुढे डॅलसच्या क्लबसाठी घरचे त्याला तासन्‌तास गाडी चालवून न्यायचे. घरच्या पैशाच्या ओढाताणीत तेही काही काळ थांबलं. त्याला घेतलं ते दक्षिण कॅरोलिनातल्या फर्मन या लहानशा विद्यापीठानं. तोच डेम्प्सी अमेरिकेसाठी 57 गोल करून लँडन डोनोव्हनच्या विक्रमाच्या बरोबरीला जाऊन बसला.

मॅट टर्नर तर याहून नवलाचा. न्यू जर्सीचा हा मुलगा बेसबॉल आणि बास्केटबॉलमध्ये रमलेला. 2010 चा विश्वचषक पाहून त्याला गोलरक्षणाचं वेड लागलं, म्हणजे ज्या वयात इतरांच्या नावापुढे कोचची खूण होऊ लागते त्या वयात. फेअरफिल्ड विद्यापीठात खेळताना हातातून निसटलेला एक चेंडू त्याच्याच जाळ्यात गेला आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली. व्यावसायिक निवडीच्या वेळी कुणीही त्याचं नाव घेतलं नाही. 2021 मध्ये तो मेजर लीग सॉकरचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला, आणि 2022 च्या विश्वचषकात इंग्लंडला त्याच्याविरुद्ध गोल करता आला नाही.

नेओमी गिर्माची गोष्ट मला यांच्याइतकीच प्रिय आहे. सॅन होजेत इथिओपियातून आलेल्या कुटुंबांनी मुलांसाठी एकत्र जमून फुटबॉल सुरू केला, त्यात तिच्या वडिलांचा पुढाकार होता. नेओमीचा पहिला चेंडू तिथला. मग मोठा क्लब, मग स्टॅनफर्ड, 2022 मध्ये व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिलं नाव. जानेवारी 2025 मध्ये चेल्सीनं तिच्यासाठी दहा लाख डॉलरहून जास्त मोजले. जिच्यासाठी एवढी रक्कम मोजली गेली अशी ती जगातली पहिली महिला फुटबॉलपटू. तिच्या वाटेत मोठा क्लब आला, पण तो नंतर आला. खेळाची गोडी लागली ती कुठल्याही लीगच्या यादीत नसलेल्या जागी.

या तिघांवरून नियम काढू नये. शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांमागे पाच-सहाच एनसीएएच्या कुठल्याही संघात पोचतात, मुलींमध्ये सातेक. डिव्हिजन एकपर्यंत मुलांमध्ये जेमतेम एक-दीड, मुलींमध्ये दोन-अडीच. त्यातही मुलांचं गणित अधिक कठीण, कारण पुरुषांच्या डिव्हिजन एकच्या संघांत परदेशी खेळाडूंचा भरणा मोठा आहे, आणि एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणं सोपं झाल्यापासून कोच सतरा वर्षांच्या मुलाऐवजी एकवीस वर्षांचा तयार गडी पसंत करतात. डिसेंबर 2024 मध्ये व्हर्माँट विद्यापीठानं पुरुषांचं विजेतेपद पटकावलं. जादा वेळेतला तो निर्णायक गोल मॅक्सिमिलियन किसेलचा. हा जर्मन खेळाडू डिव्हिजन दोनच्या स्लिपरी रॉक विद्यापीठातून तिथे आला होता. खालच्या दर्जातून वर येणारी वाट अशी कॉलेजच्या आतही असते. एनसीएएविरुद्धच्या दाव्यात जून 2025 मध्ये न्यायालयानं मान्य केलेल्या तडजोडीनुसार, तिच्यात सामील झालेल्या विद्यापीठांना फुटबॉल संघात 28 च खेळाडू ठेवता येतात, त्यामुळे काही ठिकाणी जागा आणखी आवळल्या.

म्हणून लीगचा दर्जा महत्त्वाचा आहे का, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. देशातल्या पहिल्या पन्नासेक महिला संघांवर डोळा असेल, तर हो, फार महत्त्वाचा, कारण ते कोच त्याच मेळाव्यांना जातात. बाकीच्या शेकडो संघांसाठी उत्तर झपाट्याने बदलत जातं. तिथे मुलानं स्वतः पाठवलेलं पत्र, सामन्याची चित्रफीत, कॉलेजच्या उन्हाळी शिबिरातला खेळ आणि शाळेतले गुण या सगळ्यांचं वजन वाढतं.

डिव्हिजन तीनमध्ये क्रीडा शिष्यवृत्तीच नसते, आणि आपल्याकडचे अनेक पालक तो दर्जा ऐकूनच नाक मुरडतात. त्यात कोण आहे ते पाहावं: एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन, शिकागो. ज्या विद्यापीठांत प्रवेश मिळावा म्हणून पुण्या-मुंबईची मुलं रात्री जागवतात, त्यांचे फुटबॉल संघ इथे खेळतात. 2022 मध्ये शिकागो विद्यापीठाच्या पुरुष संघानं एकही सामना न हरता डिव्हिजन तीनचं विजेतेपद जिंकलं. त्यांची कोच होती ज्युलिअॅन सिच, एनसीएएचं पुरुषांचं फुटबॉल विजेतेपद मिळवून देणारी पहिली स्त्री. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्सच्या मुलींनी महिलांचं विजेतेपद घेतलं.

तेव्हा पुढच्या निवडचाचणीआधी क्लबला लीगचं नाव विचारण्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. आमची मुलगी दर सामन्यात किती मिनिटं मैदानावर असेल? सराव कोण घेणार? आणि गेल्या तीन वर्षांत या संघातून कोण, कुठल्या कॉलेजात गेलं? वरच्या लीगच्या बाकावर बसून राहिलेली मुलगी खुर्चीतल्या कोचला दिसत नाही. खालच्या लीगमध्ये ऐंशी मिनिटं खेळणारी मुलगी मात्र चित्रफीत पाठवून, शिबिराला जाऊन स्वतःला दाखवू शकते. दोन्हीतलं एकच हाती लागणार असेल, तर तिला खेळायला मिळेल तो संघ निवडा.