चार नंबरचं पिस्तूल

सकाळी ६.३० ला शस्त्रागाराची दोन कुलपं उघडतात. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी कोच मॅडमकडे. आमच्यापैकी एक जण जरी ट्रॅफिकमध्ये अडकला तरी पोरं दाराबाहेर हात चोळत उभी, आणि डिसेंबरात पुण्याच्या या टोकाला हात चोळावे लागतातच. मग रजिस्टर: पिस्तुलाचा नंबर, कुणाच्या नावे, किती राउंड, सही. कागदावर माझा हुद्दा आर्मरर आहे. पोरं काका म्हणतात. हत्यार अडकलं की तोच 'काका' जरा लांबतो. तेवढ्यावर मी उठतो.

आमच्याकडे पॉइंट टू-टूची सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं आहेत, २५ मीटरच्या प्रकाराची. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात. तेव्हापासून मुलींना घेऊन येणारे आईवडील वाढले, तसं माझं कामही वाढलं.

७.१५ ला पहिली बॅच. मी फायरिंग लाइनच्या मागं खुर्ची टाकतो आणि टार्गेटकडे न बघता जमिनीकडे बघत बसतो. नव्या पोरांना वाटतं म्हातारा पेंगतोय. या पिस्तुलात बोल्टला कुलूप नसतं. ज्या दाबानं गोळी पुढं जाते त्याच दाबानं काडतुसाची रिकामी केस बोल्टला मागं रेटते. त्याला थोपवायला असतं काय, तर बोल्टचं स्वतःचं वजन आणि रिकॉइल स्प्रिंग. मागं जाताना बोल्टनं केस बाहेर फेकायची, हॅमर चढवायचा. परत येताना मॅगझीनमधला पुढचा राउंड उचलून चेंबरमध्ये बसवायचा. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं, डोळ्यांना काही दिसत नाही. दिसतात त्या पडलेल्या केसेस. उजवीकडे दीड-दोन मीटरवर, परातीएवढ्या जागेत पडत असतील तर मी चहाला मोकळा. पायापाशी पडायला लागल्या तर बोल्ट पुरता मागं जात नाही: स्प्रिंग जड, काडतूस मऊ, नाहीतर नुसती घाण. पार पलीकडच्या भिंतीवर आपटायला लागल्या तर बोल्ट मागं जाऊन ठोकतोय.

आज तिसऱ्या लेनवर केस बाहेर फेकायच्या दारातच उभी अडकली, घरावरच्या धुराड्यासारखी. पोरीनं मोकळा हात वर केला, नळी टार्गेटकडेच ठेवली. शाबास. मॅगझीन काढ, बोल्ट मागं घे, चेंबर दाखव. बोल्ट पुसला तर माझं बोट तेलानं चिंब. कुणीतरी सायकलच्या चेनला ओततात तसं ओतलं होतं. थंडीत ते घट्ट होतं, त्यात गोळीवरचं मेणासारखं वंगण आणि जळलेल्या दारूची काजळी मिसळली की काळा मलमच तयार होतो. पुसून काढलं, एक थेंब ठेवला, पुढचे ३० राउंड सुरळीत. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत अशाच जास्त असतात. दुसरा नंबर मॅगझीनचा. त्याचे ओठ केसभर वाकले तरी राउंड तिरका चढतो. म्हणून प्रत्येक मॅगझीनवर नेलपॉलिशनं आकडा घातलाय. पिस्तूल अडकलं की आधी विचारतो, कितव्या मॅगझीनला?

९.४५. एक वडील आले. सज्जन गृहस्थ, पण रात्री व्हिडिओ बघणारे. "काका, हिच्या पिस्तुलाला हलकी स्प्रिंग टाकून द्या ना. धक्का कमी होतो म्हणे."

मी त्यांना बसवलं. गोळी २.६ ग्रॅमची, पिस्तूल किलोच्या वर. मुळात धक्का केवढा असणार? स्प्रिंग हलकी केली तर बोल्ट मागच्या बफरवर जोरात आदळतो, आणि नळी उडते ती बरीचशी या दुसऱ्या ठोक्यानं. शिवाय परत येताना राउंड चेंबरमध्ये नीट बसवायला त्याच्यात जोर उरत नाही. जड केली तर मागचा ठोका मऊ होतो, पण कधीतरी केस दारातच राहते. धक्का कमी करायला एका बाजूला ओढावं तर हत्यार अडकायला लागतं. नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारे जोड लावायचे तर स्पर्धेच्या नियमात ते चालत नाहीत. वजन वाढवावं तर १४०० ग्रॅमवर मर्यादा. मग उरतं काय? त्या पिस्तुलाला मानवणारं काडतूस शोधायचं, बफर फुटायच्या आधी बदलायचा आणि ग्रिप हाताला बसवायची.

धक्क्याची खरी चिंता रॅपिड फायरवाल्यांना. त्यांना शेवटच्या सिरीजला ४ सेकंदांत ५ टार्गेटवर ५ गोळ्या झाडायच्या असतात. तिथं नळी किती उडते त्यापेक्षा दर वेळी सारखीच उडून सारखीच परत येते का, ते महत्त्वाचं. या गृहस्थांच्या मुलीचं तसं नाही. तिच्या वेगवान फेरीत टार्गेट ३ सेकंद उघडं, ७ सेकंद बंद, आणि उघडं असताना एकच गोळी. तिला धक्का बिघडवत नव्हता. तिचा हात लहान, अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप मोठी, त्यामुळे मनगट सैल पडायचं. हातच मागं गेला तर बोल्टनं रेटा घ्यायचा कुणाच्या जोरावर? तळव्याच्या बाजूला लांबी भरली, उद्या कानसून पॉलिशपेपर मारीन. वडील जरा हिरमुसले. स्प्रिंगसाठी पैसे घेऊन आले होते, लांबीचे पैसे मी घेतले नाहीत.

११.३० ला ट्रिगरचं वजन. पुढच्या आठवड्यात स्पर्धा आहे, तिथं तपासणीत नळी उभी धरून ट्रिगरला १००० ग्रॅमचं वजन अडकवून उचलतात. हॅमर सुटला की पिस्तूल नापास. सहा तपासली, एक काठावर निघालं, त्याचा ट्रिगरचा स्क्रू थोडा आवळला.

१ वाजता डबा. त्याआधी साबण लावून गार पाण्यानं कोपरापर्यंत हात. गोळ्या शिशाच्या असतात, आणि शिसं पोटात गेलेलं बरं नाही. फायरिंग लाइनवर चहा आणायला म्हणूनच बंदी आहे, कोच मॅडमनासुद्धा.

दुपारी २ ला चार नंबर काढलं. गेल्या तीन आठवड्यांत हे नऊ वेळा अडकलं, दर वेळी तोच प्रकार: केस चेंबरमधून ओढून निघत नाही. मी केस ओढणारा एक्स्ट्रॅक्टर बदलला. काडतुसाचा लॉट बदलला. दोन आठवड्यांपूर्वी नवी स्प्रिंगही घातली आणि दोन दिवस बरं चाललं म्हणून खूश झालो. सकाळी त्या गृहस्थांना दिलेलं व्याख्यान मला स्वतःलाही लागू होतं, हे इथं सांगून टाकतो.

आज नळी वेगळी केली आणि कान कोरायच्या कापसाची काडी चेंबरच्या कडेवरून गोल फिरवली. एका जागी कापसाचे तंतू अडकले. पुन्हा फिरवली, पुन्हा तिथंच. भिंगाखाली बघितलं तर कडेवर बारीक खाच, आणि खाचेतलं पोलाद चेंबरच्या आत उचललेलं.

पॉइंट टू-टूच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, म्हणून फायरिंग पिन कडेवरच मारते. चेंबर रिकामा असेल तर मध्ये पितळ नसतं. पिन लांब असली की सरळ चेंबरच्या पोलादावर बसते. कुणीतरी या जुन्या पिस्तुलावर महिनोन्‌महिने ड्राय फायर केलंय, म्हणजे गोळी न भरता ट्रिगर ओढायचा सराव. उडालेली केस दाबानं फुगते, त्या उंचवट्याला धरून बसते, बोल्टला ती सुटत नाही. कोपऱ्यातल्या डब्यातून चार नंबरच्या केसेस शोधल्या. प्रत्येकीवर, एकाच जागी, केसाएवढी बारीक रेघ. तीन आठवडे मी केसेस कुठं पडतात ते बघत होतो. एकही उचलून बघितली नव्हती.

इथं कानस लावायची नाही. कानशीनं पोलाद जातं ते जातंच, चेंबर ढिला होतो आणि नळी बाद. गुळगुळीत, निमुळती पोलादी दांडी असते. ती चेंबरमध्ये घालून, तेल लावून, उचललेलं पोलाद हळूहळू मूळ जागी दाबत न्यायचं. थोडं दाबायचं, काडी फिरवायची, पुन्हा दाबायचं. पाऊण तास गेला. शेवटी कापूस अडकेना. मग पिनचं टोक कमी केलं, चेंबरच्या कडेला टेकणार नाही पण काडतुसावर खूण नीट उठेल इतपत. जुनी स्प्रिंग परत घातली.

५ वाजता ५० च्या दोन पेट्या एकाच लॉटच्या, पाच-पाचची २० मॅगझीनं, सगळी मीच झाडली. टार्गेटवर काय झालं ते सांगण्यासारखं नाही. जमिनीवर मात्र १०० केसेस उजव्या हाताला जवळजवळ एका जागी, आणि या वेळी त्यांतल्या वीसेक उचलून बघितल्या. रेघ नाही.

तरी चार नंबर उद्या कुणाला मिळणार नाही. दुपारचं ऊन खाऊन चाललेलं पिस्तूल सकाळच्या थंडीत ७ वाजताही चालायला हवं, तेव्हा आणखी ५० झाडीन. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरचं एअर पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं आणि तिचा मोलाचा वेळ गेला, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. तसं आमच्या पोरींचं जिल्हा पातळीवरही मला नकोय.

राउंड मोजले, रजिस्टर जुळलं, मॅडमनी त्यांची किल्ली फिरवली. जाताना फळ्यावर लिहून आलो: ड्राय फायरची सोय फक्त १, २ आणि ६ नंबरच्या पिस्तुलात आहे. बाकीच्यांचा ट्रिगर रिकाम्या चेंबरवर ओढू नये, ही विनंती.