संमोहनाने पीटीएसडी बरा होतो का? संशोधन नेमकं काय सांगतं?

अपघातात मोडलेलं हाड काही आठवड्यांत जुळतं. पण कित्येक महिन्यांनंतरही ब्रेकचा करकचून आवाज आला की छाती धडधडू लागते, तोच प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो, रात्री दचकून जाग येते. अशी लक्षणं महिन्याहून अधिक काळ टिकली आणि रोजच्या जगण्याच्या आड येऊ लागली, तर तो पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजेच पीटीएसडी असू शकतो. युद्ध, लैंगिक अत्याचार, पूर किंवा भूकंपातून वाचलेल्यांनाही हा आजार होऊ शकतो.

'एका सेशनमध्ये वाईट आठवण पुसून टाका' असे संमोहनाचे दावे सोशल मीडियावर दिसतात. त्यात तथ्य किती?

संमोहन म्हणजे झोप नव्हे

'हिप्नोसिस' हा शब्द झोपेसाठीच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. पण संमोहनात माणूस झोपलेला नसतो. त्याचं लक्ष एका गोष्टीवर एकवटतं आणि आजूबाजूचं भान कमी होतं. सिनेमात रंगून गेल्यावर कुणाची हाक ऐकू येत नाही, तसंच काहीसं. थेरपिस्टशी बोलता येतं, नको वाटलं तर थांबताही येतं. हा परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही. काही जण सहज संमोहित होतात, काहींवर फारसा फरक पडत नाही.

उपचारात उपयोग कसा होतो?

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी 'शेल शॉक' झालेल्या सैनिकांच्या हरवलेल्या आठवणी परत आणण्यासाठी संमोहन वापरलं होतं. आज भर वेगळ्या गोष्टीवर आहे. पीटीएसडीचे रुग्ण त्या आठवणीपासून सतत पळत असतात आणि त्यामुळेच भीती टिकून राहते. संमोहनात आधी शरीर शांत केलं जातं, मग सुरक्षित वाटत असतानाच त्या आठवणीला थोडं थोडं सामोरं जायला मदत केली जाते. एका पद्धतीत रुग्ण मनातल्या मनात पडदा पाहतो. पडद्याच्या एका बाजूला तो प्रसंग, दुसऱ्या बाजूला त्या वेळी स्वतःला वाचवण्यासाठी त्याने काय केलं ते. आठवण पुसली जात नाही. तिच्याकडे पाहण्याची नजर बदलते.

संशोधन काय सांगतं?

१९८९मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ११२ जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात संमोहनासह तीन उपचारपद्धती तपासल्या होत्या. उपचाराची वाट पाहणाऱ्या गटापेक्षा तिन्ही गटांमध्ये अधिक सुधारणा दिसली.

२००५मध्ये ऑस्ट्रेलियात रिचर्ड ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच आघातातून गेलेल्या ८७ जणांचा अभ्यास केला. काहींना सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणुकीवर काम करणारी थेरपी दिली, काहींना सीबीटीसोबत संमोहन, तर काहींना फक्त आधार देणारं समुपदेशन. उपचार संपताना संमोहनाच्या गटात प्रसंग पुन्हा पुन्हा आठवण्याचा त्रास नुसत्या सीबीटीपेक्षा जास्त कमी झाला होता. पण तीन वर्षांनी पाहिलं, तेव्हा या दोन्ही गटांत विशेष फरक उरला नव्हता.

म्हणजे संमोहन जोडीला उपयोगी पडू शकतं. पण त्यावरचे अभ्यास मोजके आणि लहान आहेत. आघाताच्या आठवणीवर थेट काम करणारी सीबीटी आणि ईएमडीआर या थेरपींचे पुरावे अधिक भक्कम आहेत.

धोका कुठे आहे?

'दडलेली आठवण बाहेर काढतो' असं कुणी म्हणालं, तर सावध व्हा. संमोहनात सुचवलेली गोष्ट माणसाला खरी वाटू शकते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या तज्ज्ञ परिषदेने १९८५मध्येच इशारा दिला होता की, संमोहनात सांगितलेल्या आठवणींत काल्पनिक तपशील मिसळू शकतात. न घडलेल्या घटनेचा आरोप घरातल्याच माणसावर झाला, तर एक जखम भरताना दुसरी होते. भ्रम किंवा भास होणाऱ्या रुग्णांसाठी संमोहन सहसा टाळलं जातं.

मग करायचं काय?

आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून निदान करून घ्या. संमोहन सुचवलं गेलं, तर तीन प्रश्न विचारा: तुमचं शिक्षण काय? पीटीएसडीच्या रुग्णांवर काम केलंय का? सोबत दुसरी कोणती थेरपी असेल? चालू असलेली औषधं स्वतःहून बंद करू नका.

कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर सरकारच्या 'टेली मानस' हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत बोलता येतं, मराठीतही.