पतंगावर वीज पडली नव्हती

आकाशात कडाडते तीही वीज आणि तारेतून दिव्यापर्यंत येते तीही वीजच, असे मराठीत एकाच शब्दाने म्हटले जात असल्यामुळे या दोहोंचे नाते कोणाला तरी सिद्ध करावे लागले होते, हे मराठी वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. ‘इलेक्ट्रिसिटी’ हा शब्द मात्र अंबराच्या ग्रीक नावावरून आला असून, घासलेल्या अंबराला किंवा काचेला कस्पटे ओढून घेण्याचे जे बळ येते त्याच्याशीच तो प्रथम जोडलेला होता. घासलेल्या काचेतून निघणारी बारीक ठिणगी आणि उभे झाड चिरणारा लोळ एकाच जातीचे आहेत काय, हा अठराव्या शतकाच्या मध्यावरचा खरा प्रश्न होता. तो नजरेआड झाला, आणि बेंजामिन फ्रँकलिन यांनी पतंग उडवला, त्यावर वीज पडली व विजेचा शोध लागला, अशी कथा रूढ झाली.

विजेचा शोध फ्रँकलिन यांनी लावला, हे तर कालक्रमालाच धरून नाही. विद्युतभार सुतळीतून दूरवर वाहून नेता येतो, हे इंग्लंडमध्ये स्टीफन ग्रे यांनी १७२९ मध्ये दाखवले होते, आणि १७४५-४६ च्या सुमारास फॉन क्लाइस्ट व लायडेनचे मुशेनब्रोक यांच्या प्रयोगांतून लायडेन जार, म्हणजे विद्युतभार साठवून ठेवणारी काचेची बरणी, अस्तित्वात आली होती. फ्रँकलिन यांचे मोठेपण निराळे आहे. ढगांत विद्युतभार असेल, तर उंच उभारलेल्या आणि जमिनीपासून विद्युतरोधकाने, म्हणजे वीज वाहून न नेणाऱ्या वस्तूने, अलग ठेवलेल्या टोकदार सळईतून ठिणग्या निघाल्या पाहिजेत, अशी पडताळून पाहता येण्याजोगी कसोटी त्यांनी १७५० मध्ये मांडली. ही कसोटी प्रथम पार पडली ती फ्रान्समध्ये: पॅरिसजवळच्या मार्ली-ला-व्हिल या गावी दालिबार यांनी सुमारे ४० फुटी सळई उभारली होती, आणि १० मे १७५२ रोजी, ते स्वतः तेथे नसताना, क्वाफिए नावाच्या निवृत्त सैनिकाने तिच्यातून ठिणग्या काढल्या.

फिलाडेल्फियातला पतंग त्यानंतरचा, जून १७५२ चा, मानला जातो. त्याच्यावर वीज पडली असती, तर ओल्या सुतळीतून आलेल्या प्रवाहाने फ्रँकलिन यांचा जीवच घेतला असता. घडले ते असे, की ढगाखालच्या तीव्र विद्युतक्षेत्रामुळे पतंगाच्या टोकावरील तारेत आणि पावसाने भिजून सुवाहक झालेल्या सुतळीत विद्युतभार जमला, तो सुतळीच्या खालच्या टोकाला बांधलेल्या किल्लीपर्यंत पोहोचला आणि बोट जवळ नेताच ठिणगी उडाली. सुतळीला जोडून हातात धरलेली रेशमी फीत कोरडी, म्हणजेच विद्युतरोधक, राहावी, म्हणून प्रयोगकर्त्याने आडोशाला उभे राहायचे होते. म्हणजे वीज कोसळण्यापूर्वीच ढग भारित असतो, हे या प्रयोगाचे सार आहे, आणि पतंगावर लोळ पडताना दाखवणारी चित्रे नेमके तेच पुसून टाकतात. सोबत लहान मुलगा दाखवण्याची प्रथाही तशीच चुकीची आहे, कारण पुत्र विल्यम तेव्हा विशीत होता.

या प्रयोगांतला धोका प्रत्यक्षात आला तो सेंट पीटर्सबर्गमध्ये. तेथे ६ ऑगस्ट १७५३ रोजी मृत्युमुखी पडलेले गेओर्ग रिचमान पतंग उडवत होते असे अनेकदा सांगितले जाते; परंतु ते घरातच, छपरावरील सळईला जोडलेल्या मापनयंत्रापाशी उभे होते. विद्युतभार मोजायचा असल्याने सळई जमिनीला मुद्दाम जोडलेली नव्हती, त्यामुळे लोळ आला तेव्हा त्याला जमिनीकडे जाण्यासाठी रिचमान यांच्या देहाचीच वाट मिळाली.

तडितरक्षकाविषयीचा, म्हणजे इमारतीच्या माथ्यावरून जमिनीत नेलेल्या धातूच्या सळईविषयीचा, गैरसमज येथेच उलगडतो. टोकदार सळई ढगातील भार हळूहळू शोषून वीज पडूच देत नाही, अशी आशा स्वतः फ्रँकलिन यांनाही होती. प्रत्यक्षात ढगाच्या प्रचंड भारापुढे ती गळती नगण्य ठरते, आणि सळई वीज टाळत नाही, तर पडलेल्या विजेला भिंती व माणसे वगळून जमिनीत नेते. फ्रँकलिन यांनी आपल्या १७५३ च्या पंचांगात सळईचे वरचे टोक इमारतीच्या माथ्यापासून सहा ते आठ फूट उंच असावे असे सांगितले, त्याचबरोबर खालचे टोक ओलसर जमिनीत तीन ते चार फूट पुरण्याची सूचनाही दिली होती, आणि रिचमान यांच्या सळईला नेमके तेच खालचे टोक नव्हते.