कार्बन फायबर ट्रिमच्या कडा उन्हाळ्यात का सुटतात?

गाडीच्या डॅशबोर्डवर कार्बन फायबरची ट्रिम स्वतः बसवायची म्हटलं तर काम अर्ध्या दिवसाचं वाटतं. पट्टी आणा, मागचा कागद सोला, दाबा, झालं. त्या दिवशी ती छान बसतेसुद्धा. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते. गाडी उन्हात उभी राहते, डॅशबोर्ड ७० अंशांच्या वर तापतो आणि महिन्याभरात पट्टीच्या कडा उचलायला लागतात. दुकानदार म्हणतो, "गोंद खराब होता." आपण संशोधनाची तयारी करतोय ना? मग एवढ्या उत्तरावर समाधान मानायचं नाही.

आधी थोडं गणित

३०० मिलिमीटर लांबीची पट्टी घ्या. खाली एबीएस प्लास्टिक, वर कार्बन-इपॉक्सी. गाडीचं तापमान २५ वरून ७५ अंशांवर गेलं, म्हणजे फरक ५० अंशांचा. एबीएसचा प्रसरण गुणांक दर अंशाला साधारण ८० पीपीएम असतो. विणलेल्या कार्बन फायबर कंपोझिटचा जेमतेम ३ पीपीएम, कारण कार्बनचा तंतू तापल्यावर लांबीच्या दिशेने जवळपास वाढतच नाही, उलट किंचित आखडतो.

आता गुणाकार करा. एबीएस वाढणार १.२ मिमी, पट्टी वाढणार ०.०५ मिमीहूनही कमी. फरक जवळजवळ १.१५ मिमी. मधला भाग जागेवर राहिला असं धरलं तर प्रत्येक टोकाला ०.६ मिमीच्या आसपास. हा सगळा फरक मधल्या गोंदाला सोसायचाय, तोही रोज दुपारी आणि रोज रात्री उलट्या दिशेने.

झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थर ०.०५ मिमी असेल तर त्याला स्वतःच्या जाडीच्या बारापट सरकावं लागेल. तो कडक आणि ठिसूळ, त्यामुळे तडकणारच. १ मिमी जाडीचा अ‍ॅक्रिलिक फोम टेप असेल तर तेच सरकणं त्याच्या जाडीच्या ६० टक्के होतं, आणि असा टेप एवढं आरामात सोसतो. म्हणजे इथे ताकदवान गोंदापेक्षा लवचीक आणि जाड थर उपयोगी. कडा आधी का सुटतात हेही याच गणितातून कळतं: सरकणं टोकाला सर्वात जास्त असतं.

घरी मिसळलेलं इपॉक्सी वापरणार असाल तर आणखी एक गोष्ट बघा. खोलीच्या तापमानालाच जमलेल्या बऱ्याच इपॉक्सींचं ग्लास ट्रान्झिशन तापमान ५० ते ६० अंशांच्या आसपास असतं. त्याच्या वर गेलं की ते मऊ पडतं, आणि आपला डॅशबोर्ड तर ७० च्या पुढे जातो.

खाली प्लास्टिक कोणतं आहे?

पॅनेल काढून मागची बाजू बघा. बहुतेक वेळा तिथे पीपी, एबीएस अशी खूण उठवलेली असते. पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा मीटरला ३० मिलिन्यूटनच्या आसपास, एबीएसची ४० च्या आसपास. पृष्ठऊर्जा कमी म्हणजे गोंद पसरायला नाखूश. त्यामुळे पीपीवर अ‍ॅढेजन प्रायमर लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. एबीएसवर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं आणि बारीक वॉटर पेपर हलकेच फिरवणं सहसा पुरतं. डॅशबोर्ड चमकवायचं सिलिकॉन पॉलिश आधी मारलेलं असेल तर ते आधी पूर्ण काढा, नाहीतर वरची सगळी मेहनत पाण्यात.

बसवण्याचा क्रम

पॅनेल प्लास्टिकच्या पट्टीने उचकटा, स्क्रू ड्रायव्हरने नको, क्लिपा मोडतात. पुसा, घासा, परत पुसा, सुकू द्या. पट्टी कोरडी ठेवून जागा मास्किंग टेपने आखून घ्या, कारण फोम टेप एकदा बसला की सरकवता येत नाही. मग मधून कडांकडे दाबत जा. अ‍ॅक्रिलिक टेपला पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात, तोवर गाडी सावलीत ठेवा.

पट्टी कापायची किंवा घासायची असेल तर गाडीबाहेर, ओल्या पेपरने, हातमोजे आणि एन-९५ मास्क लावून. तंतू ५ ते ७ मायक्रॉनचे असतात, कातडीत टोचतात. शिवाय कार्बन विद्युतवाहक आहे. त्याची धूळ स्विचमध्ये गेली तर शॉर्ट व्हायची भीती.

इथे हात लावायचा नाही

एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नका. स्टिअरिंगचा मधला भाग, प्रवाशासमोरचा डॅशबोर्ड, खांबांवरची एसआरएस लिहिलेली पॅनेल्स, सगळी यात आली. ती झाकणं ठरलेल्या रेषेवर फाटण्यासाठीच बनवलेली असतात. एअरबॅग काही मिलिसेकंदांत उघडते. वर कडक कार्बनची पट्टी असेल तर झाकण नीट फाटणार नाही, किंवा तीच पट्टी धारदार तुकडा होऊन माणसाच्या तोंडावर येईल. जवळपास एअरबॅगची वायर असेल तर काम गॅरेजकडे द्या. दिसणं आणि जीव यात तुलना होत नाही.

आता तुमचा प्रयोग

पॅनेलच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला टेपचे नऊ छोटे तुकडे लावा: तीन नुसत्या प्लास्टिकवर, तीन अल्कोहोलने पुसलेल्यावर, तीन घासून पुसलेल्यावर. ७२ तास थांबा, मग दोन-तीन दिवस उन्हात ठेवा आणि एकेक ओढून काढा. जोर किती लागला याच्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे सुटलेली जागा बघणं. प्लास्टिक स्वच्छ दिसत असेल तर पकड पृष्ठभागाशी सुटली, म्हणजे तयारी कमी पडली. दोन्हीकडे फोम राहिला असेल तर टेप आतून फाटला, म्हणजे पृष्ठभागाचं काम चोख झालंय.

प्रत्येक प्रकाराचे तीन तुकडे का, आणि नुसत्या प्लास्टिकवरचे तीन तरी कशाला लावायचे? गाईडने पहिल्या भेटीत हा प्रश्न विचारला तर काय सांगाल, ते वहीत लिहून काढा. मगच पट्टी डॅशबोर्डवर लावा.